वार खाली आहे

"वार खाली आहे," मी म्हणाले.

तीन शब्द. माझ्या तेव्हाच्या मानानं हे भाषणच झालं, कारण सोनोग्राफीच्या त्या खोलीत बोलायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं.

टेबलावर सत्यशीला निजली होती. तेवीस-चोवीस वर्षांची, अंगानं काटकुळी, आठवा महिना लागलेला. घरी दोन मुली. धाकटीच्या वेळच्या सिझरचा वण ओटीपोटावर दिसत होता. या खेपेला तिनं एकदाही तपासून घेतलं नव्हतं. गावच्या नर्सबाईंनी मागे लागून लागून तिला माझ्याकडे धाडलं होतं. तिचा नवरा दिगंबर दाराशी उभा होता. तो भाड्याची जीप चालवायचा. माझ्या डाव्या हाताला, नेहमीच्या जागी, माझ्या मदतनीस इंदूबाई.

बाळ झकास होतं. हात, पाय, डोकं, छातीचे ठोके, सगळं जिथल्या तिथे. पण आणखी खाली आल्यावर माझा हात थांबला. वार गर्भाशयाच्या तोंडावर पुरती पसरली होती. बाळ पोटात असताना आईच्या रक्तावर जिच्यातून पोसलं जातं, ती ही वार. ती वरच्या अंगाला चिकटलेली असली की काळजी नसते. बाळ आधी येतं, मागून ती येते. इथे तीच बाळाची वाट अडवून बसली होती. तोंड जरा उघडलं की रक्ताची धार लागणार, आणि दुखणार काहीच नाही, म्हणून कुणी घाबरतही नाही. घरात असली तर अशी बाई तास-दोन तासांत हातची जाते. तीच दवाखान्यात असली, रक्ताच्या बाटल्या तयार ठेवून ठरल्या दिवशी सिझर केलं, तर मायलेकरू दोघंही सुखरूप घरी येतात. एवढाच फरक. तो यंत्रावर आधी दिसतो, म्हणून तर मी त्या गावात होते.

"म्हंजी वो म्याडम?" दिगंबरनं विचारलं.

"कागदावर सगळं लिहिलंय. उद्याच्या उद्या जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांना दाखवा. उद्याच."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. एकाएकी त्याचा चेहरा उजळला. त्यानं दोन्ही हात जोडले.

"समजलं म्याडम. लई उपकार झाले."

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एक तरी नवरा समजूतदार निघाला. मी रिपोर्टमधल्या त्या ओळीखाली लाल शाईनं दोनदा रेघ मारली आणि पुढच्या बाईला आत घ्यायची खूण केली.

आता माझ्या गप्पपणाविषयी. ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची आहे. आमच्या भागात मुलींची संख्या इतकी घटली होती की सरकारनं सोनोग्राफीच्या यंत्रांवर पहारे बसवले होते. माझ्या दारावर पाटी होती, इथे गर्भलिंगनिदान होत नाही म्हणून. लोक ती पाटी वाचून निर्धास्त आत यायचे, कारण जिथे ते व्हायचं तिथेही तीच पाटी होती. काही डॉक्टरांनी खुणांची भाषा काढली होती. 'सोमवारी रिपोर्ट न्या' म्हटलं की मुलगा, 'शुक्रवारी न्या' म्हटलं की मुलगी. इंग्रजी वारांच्या पहिल्या अक्षरांवरून. कुणी पेढे म्हणे, कुणी जिलबी. त्यातले काही डॉक्टर पळाले, काही आत गेले, पण त्यांची भाषा मागे राहिली आणि माझ्या मानगुटीवर बसली. मी हसले की मुलगा. कपाळाला आठी पडली की मुलगी. एकदा एका पोरीला मी नुसतं "जपून जा हं" म्हणाले, तर तिच्या सासूनं माझ्याच पायरीवर बसून गळा काढला.

मग मी तोंडाला कुलूपच लावलं. सोमवार आणि शुक्रवार हे शब्द तर मी टाकूनच दिले. पुन्हा बोलवायचं झालं तर तारीख सांगायची, वार नाही. पण गप्प बसायची सवय खोलीपुरती राहत नाही, ती जिन्यानं वर येते. बारशाला गेलं की बायका माझ्या चेहऱ्याकडे बघून हिशेब जुळवायच्या, म्हणून बारशी बंद. हळदीकुंकू बंद. कुणाच्या हातचा पेढा खायचा नाही, कुणाकडून फळ घ्यायचं नाही. मी मूळची चिपळूणची, खातूंची वसुधा. नवऱ्याच्या मागोमाग इकडे आले. ते सर्जन होते. चार वर्षांत ते गेले, मी आणि यंत्र मागे राहिलो. खाली सेंटर, वर घर. भाऊ दर दिवाळीला म्हणायचा, परत ये. मी का गेले नाही, ते मला अजूनही धड सांगता येत नाही. संध्याकाळी रेडिओ लावून ठेवायचे, घरात कुणीतरी बोलतंय एवढ्यासाठी. आणि कधी रविवारी दुपारी लक्षात यायचं की कालपासून आपण आपलाच आवाज ऐकलेला नाही. मला फार एकटं वाटायचं, आणि ते सांगायलाही कुणी नव्हतं. गावाला मी बाईमाणूस म्हणून नकोच होते. गाव मला पंचांगासारखं बघत होतं.

सत्यशीला आली तो बुधवार होता. शनिवारी सकाळी दिगंबर पुन्हा दारात उभा राहिला. बरोबर सीताफळांची पाटी.

"इंदूबाई, ती पाटी त्यांना परत द्या," मी नेहमीसारखं म्हणाले.

"आवो म्याडम, रानातली हायत. इकत आनली न्हाईत. घ्या की."

"मी घेत नाही. डॉक्टरांना कागद दाखवला का?"

"कामून दाखवायचा? तुमी सांगितलं तेवडं बास झालं." त्यानं दाराकडे बघून आवाज खाली आणला. "वार खाली हाय म्हन्लात न्हवं?"

"मग?"

"मंग काय! कॅलेंडरात सोमवार वर आसतोय, शुक्रवार खाली. माझ्या लगेच डोस्क्यात शिरलं. पोरगी हाय."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याला वाटलं, मी घाबरले.

"भिऊ नका म्याडम, मी कुनाला बोलनार न्हाई. मला पोरीचं कायबी न्हाई. दोन हायत, तिसरी आली तर तिचं नशीब घिऊन यील. पन आमची माय लई वंगाळ हाय. तिसरी बी पोरगीच हाय ह्ये तिला कळलं आसतं ना, तर तिनं शिलाच्या तोंडात घास जाऊ दिला नसता. मागच्या बारीला बाळंतिनीला पंदरा दिस भाकर न्हवती दिली. म्हनून तुमचा कागद फाडून टाकला आन शिलाला परवाच माहेरला नेऊन घातलं. धामनदऱ्याला. वर डोंगरात हाय, फोनबी लागत न्हाई तितं. बाळंत हूनच यील आता. मंग माय कितीबी तोंड वाजवू दे."

त्याच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की मला रागही नीट येईना. आणि मग आला. मी उठले आणि ओरडले. माझा आवाज इतका मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. बाहेरच्या बाकावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"वार म्हणजे दिवस नव्हे हो! वार म्हणजे पोटातली. बाळ जिच्यातून जेवतं ती. ती खाली, वाटेवर बसलीय. बाळंतपण सुरू झालं की रक्त जाईल आणि ते थांबणार नाही. तिथे डोंगरात तिला कोण वाचवणार आहे? मरेल ती, कळतंय का?"

त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. "मरल?"

"हो."

"तुमी आसं म्हन्ला न्हाईत की म्याडम."

"कागदावर स्पष्ट लिहिलं होतं," मी म्हणाले आणि तिथेच अडखळले. कागद इंग्रजीत होता.

बाहेर माझी गाडी होती. महिन्यातून एकदा बँकेत जाण्यापलीकडे ती हलत नसे. मी किल्ली त्याच्या हातात दिली. "चालवा. मी मागे बसते."

धामणदरा तिथून चाळीस किलोमीटर, त्यातले शेवटचे बारा नुसते खड्डे. दिगंबर ओठ घट्ट मिटून गाडी हाकत होता. घाट लागला तसं त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं.

"पन म्याडम, पोरगीच हाय न्हवं?"

"मला माहीत नाही. मी ते बघत नाही आणि मी तुम्हाला काहीही सांगितलेलं नाही."

"बरं बरं," तो मान डोलावत म्हणाला. "कायदा हाय. मला समजतंय."

पालथ्या घड्यावर पाणी. मी नाही म्हणावं, तर त्याच्या लेखी तोच होकार. मी खिडकीबाहेर बघत बसले. सत्यशीला जिवंत असू दे, एवढंच मनात घोळवत होते.

आम्ही पोचलो तेव्हा सत्यशीला ओसरीत आईजवळ बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मला बघून ती लगबगीनं उठायला लागली.

"उठू नकोस!" मी अंगणातूनच म्हणाले. "अंगावरून काही जातंय?"

तिनं आईकडे बघितलं. आई म्हणाली, "सकाळपसनं जरासं लाल जातंय खरं. पन दुखत न्हाई, खुपत न्हाई. मी म्हन्लं, कशाला भ्यायचं?"

मी गाडीचं मागचं दार उघडलं. दिगंबरनं बायकोला दोन्ही हातांवर उचललं आणि मागच्या सीटवर निजवलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर. आई पुढे बसली, पदरात तोंड खुपसून. जिल्ह्याच्या दवाखान्याला दीड तास.

"हळू," मी दिगंबरला म्हणाले. "हळू, पण थांबू नका."

घाट उतरेपर्यंत खाली अंथरलेली चादर भिजली. तिचा हात माझ्या हातात गार पडत चालला होता. फोनला रेंज आल्याबरोबर मी दवाखान्यात सांगितलं: पेशंट निघालीय, वार तोंडावर आहे, रक्त जातंय, थिएटर उघडून ठेवा. रक्तगट तिला आधीच्या सिझरमुळे पाठ होता. मग मी तिच्याशी बोलायला लागले, कारण तिचे डोळे मिटायला लागले होते आणि मला ते मिटू द्यायचे नव्हते. काय बोलले ते विचारू नका. चिपळूणची नदी, आमच्याकडचे फणस, माझ्या नवऱ्याचं घोरणं. इतक्या वर्षांचं साठलेलं एका दमात बाहेर पडत होतं.

ती बारीक आवाजात म्हणाली, "म्याडम, तुमी बोलता व्हय?"

"म्हणजे?"

"मला वाटलं, तुम्हाला लईसं बोलता येत न्हाई. म्हन्लं, येवडी शिकलेली बाई, पन देवानं वाचा दिली न्हाई." मग थोड्या वेळानं म्हणाली, "थोरलीला औंदा शाळंत घालायची हाय. इसरू नका म्हनावं ह्यास्नी."

"तूच घाल," मी म्हणाले. "तूच घालणार आहेस." आणि दिगंबरचे खांदे गदगदताना मला मागून दिसत होते. पण त्यानं गाडी इकडची तिकडे होऊ दिली नाही.

दारात स्ट्रेचर तयार होतं. तिला आत नेलं आणि आम्ही तिघं बाकांवर बसलो, तिघं तीन ठिकाणी. माझ्या साडीवर तिचं रक्त वाळत होतं. मी डॉक्टर, बायकांच्या पोटात रोज बघणारी, पण बंद दाराबाहेर असं बसायची वेळ आयुष्यात दोनदाच आली. पहिल्यांदा आली तेव्हा आतून माझा नवरा बाहेर आला नव्हता. दुपारचे चार वाजून गेले. मला देवाचं काही म्हणताही येईना, सवय गेली होती.

पाचच्या सुमाराला सिस्टर बाहेर आली.

"मुलगी झाली. दोन किलोला जराशी कमी आहे, म्हणून काचेच्या पेटीत ठेवलीय. रडली छान."

"आई?" मी विचारलं.

"रक्त खूप गेलंय, अजून चढवतोय. पण आहे, म्याडम. पिशवीसुद्धा काढावी लागली नाही. अर्धा तास उशीर झाला असता तर मात्र काही खरं नव्हतं."

मी भिंतीला टेकून रडले. लाजले नाही. सत्यशीलाची आई जमिनीवर डोकं टेकवत होती. आणि दिगंबर येऊन माझ्या पायांवर पडला. दोन्ही पाय धरले. मान वर करून भरल्या डोळ्यांनी म्हणाला,

"म्याडम, तुमचा वार खरा निघाला. पोरगीच झाली."

माझं रडणं जागच्या जागी थांबलं. एवढं सगळं होऊन, बायको मरणाच्या दारातून परत येऊन, ह्या माणसाच्या डोक्यात अजून तोच शुक्रवार! उद्या हा गावभर सांगणार की म्याडम वार सांगतात, आणि वारही बरोबर निघतो. मी त्याला दंडाला धरून उठवलं आणि सिस्टरला विचारलं, "वार कुठे आहे?"

"आत आहे, टोपल्यात. तुम्ही नेणार का, की आम्ही विल्हेवाट लावू? काही लोक पुरायला मागतात."

"याला दाखवा."

ती स्टीलचं टोपलं घेऊन दारापर्यंत आली. मी दिगंबरची मान धरून खाली वाकवली म्हटलं तरी चालेल.

"नीट बघ. ही वार. ही खाली होती. शुक्रवार नाही, सोमवार नाही. ही! हिच्यामुळे तुझी बायको चालली होती."

तो बघत राहिला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, अगदी गोंधळून.

"ही? आवो म्याडम, ही तर जार हाय."

"काय?"

"जार. बाळाच्या मागनं पडती ती. आमच्यात जार म्हन्त्यात. बाईची आसू नायतर म्हशीची." तो पुन्हा टोपल्यात वाकून बघायला लागला. "गेल्या साली आमच्या म्हशीची जार आडकली, तर सात कोस जीप पळवून मी डॉक्टर आनला व्हता. जार म्हंजी काय, ते मला ठाव न्हाई व्हय?" त्याचा आवाज फाटला. "जार खाली हाय म्हन्ला आसतात, तर मी हिला आंगनातबी उतरू दिलं नसतं."

त्यानं ते मला बोल लावायला म्हटलं नव्हतं. त्यानं ते स्वतःलाच सांगितलं होतं, म्हणून ते मला जास्त लागलं. सिस्टर टोपलं घेऊन आत गेली. दिगंबर दोन्ही हातांनी तोंड झाकून बाकावर बसला. मला त्याच्या शेजारी बसावंसं वाटलं, आणि मी बसले.

मी अकरा वर्षं त्या गावात राहत होते. रोज पंचवीस-तीस बायकांच्या पोटातली ती वस्तू मी बघत होते, मोजत होते, कागदावर लिहीत होते. आणि तिला तिथे काय म्हणतात, ते मला माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी इंदूबाई नेहमीप्रमाणे टेबलावरची चादर बदलत होत्या. मी दार लोटून घेतलं.

"इंदूबाई, जार म्हणजे काय?"

"जार? आवो, तुमी वार म्हन्ता ना, तीच."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नसायला काय झालं? चार बाळंतपनं झाली माझी."

"बुधवारी तुम्ही इथेच उभ्या होतात. तो कॅलेंडरकडे बघत होता, तेही तुम्हाला दिसलं असेल. त्याला एक शब्द सांगायला काय झालं होतं? निदान मला तरी? अकरा वर्षं तुम्ही या खोलीत माझ्याबरोबर आहात!"

इंदूबाईंनी चादरीच्या कडा टेबलाखाली खोचल्या, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"ती सासू पायरीवर रडली, त्या दिवशी तुमीच म्हन्ल्या व्हत्या, या खोलीत कुनी बोलायचं न्हाई. मंग मी कवा बोलायचं, बाई?"

बाहेर बाकावर बायका येऊन बसल्याचा आवाज येत होता. मी माझं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

"बसा," मी म्हणाले. "बाईच्या पोटात जे जे असतं, त्या सगळ्याला तुमच्याकडे काय म्हणतात, ते सांगा मला."

"आत्ता? बाहेर पेशंट खोळंबल्यात."

"त्यांनाही आत बोलवा. सगळ्यांनाच."

इंदूबाई स्टुलाच्या अगदी कडेला टेकल्या, आधी दाराकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, आणि बोलायला लागल्या. दुपारचं जेवण त्या दिवशी राहूनच गेलं.